गादीवरून उठण्याआधीचा हिशोब

माल कोठून घ्यावा, उधारी कशी वसूल करावी, जकातीचा हिशोब कसा काढावा, या विषयांवर आमच्या व्यापारी बंधूंसाठी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु गादीवर बसलेल्या माणसाने गादीवरून उठावे कसे, यावर सहसा कोणी लिहीत नाही. कारण उघड आहे. जो बसला आहे त्याला उठायचे नसते आणि ज्याला बसायचे आहे त्याला तोंड उघडण्याची हिंमत नसते. मग एके दिवशी दुकानाचे शटर अर्धे खाली येते, जनाजा उठतो, आणि तीन दिवसांचा शोक संपतो न संपतो तोच घरात पहिली कुजबुज सुरू होते : वह्या कोणाकडे आहेत?

हा विषय आम्ही यावेळी मुद्दाम घेतला आहे. तो आमच्या स्वतःच्या घरात या वर्षी उभा राहिला. त्याविषयी पुढे सांगूच.

मोठ्या कंपन्यांमध्ये आता एक वेगळाच व्यवसाय तयार झाला आहे. तीस-पस्तीस वर्षे कंपनीचा पैसा सांभाळून निवृत्त झालेला वित्त अधिकारी घरी बसत नाही. दुसऱ्या कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी, संचालक, मालक जेव्हा पद सोडतात, मोठे पद घेतात किंवा मुलाच्या हाती कारभार देतात, तेव्हा हा त्यांच्याजवळ बसून मश्विरा देतो. कोणाला वाटेल, यासाठी हिशोबाचा माणूस कशाला? मनाला धीर देणारा कोणी वडीलधारा का नको? धीर देणारे नातेवाईक पुष्कळ असतात. परंतु खुर्ची बदलताना माणूस जे बोलतो ते बहुतेक मानापमानाचे असते, आणि जे लपवतो ते बहुतेक पैशाचे असते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले त्याला लपवलेली रक्कम कोठे असते हे ठाऊक असते. शिवाय तो निवृत्त आहे; तुमच्या खुर्चीवर त्याला बसायचे नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही महत्त्वाची आहे.

आपल्या महाराष्ट्राला असा माणूस नवा नाही. रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, त्या पदावरील पहिले भारतीय. १९५० पासून ते केंद्राचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. एकाच माणसाने इतक्या खुर्च्या सोडल्या आणि प्रत्येक वेळी पुढचे काम हाती घेतले, हे आमच्या पिढीने शाळेत शिकायला हवे होते. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथेही नाही आणि आमच्या मराठी शाळेतल्या मित्रांनाही नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येक जण नागरी सहकारी बँकांवर संचालक आहेत. त्यांच्यासाठी तर उठण्याची वेळ कायद्यानेच ठरवून दिली आहे. २०२० च्या दुरुस्तीने सहकारी बँकांच्या संचालकांना सलग आठ वर्षांची मर्यादा लागू झाली आणि २०२५ च्या दुरुस्तीने ती दहा वर्षे झाली. अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक यांना यातून वगळले आहे. बाकीच्यांनी दहा वर्षांनी उठलेच पाहिजे. दुकानाच्या गादीला मात्र कायद्याची मुदत नाही. तिची मुदत मलकुलमौत ठरवतो, आणि तो आगाऊ नोटीस देत नाही.

कापडवाल्याचे पद बदलले तेव्हा

कापडाच्या व्यापाऱ्याने नवे पद घेण्याची आपल्याला माहीत असलेली सर्वांत थोर घटना इ. स. ६३२ मधली आहे. ह. अबूबक्र (रजि.) हे मदीनेत कापडाचा व्यापार करीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यानंतर त्यांच्यावर खिलाफतीची जबाबदारी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे खांद्यावर कापड टाकून बाजाराकडे निघाले. वाटेत ह. उमर (रजि.) भेटले आणि विचारू लागले, की सर्व मुस्लिमांचा कारभार तुमच्याकडे आला असताना तुम्ही बाजारात कसे बसणार? त्यावर खलिफांचे उत्तर आमच्यासारख्या कोणत्याही दुकानदाराचे असावे तसेच होते : मग घरच्यांना खाऊ काय घालू?

येथे आमच्या विषयाचा माणूस येतो. दोघे जण ह. अबू उबैदा (रजि.) यांच्याकडे गेले. बैतुलमालचे काम त्यांच्याकडे होते आणि 'अमीन', म्हणजे विश्वासाने ठेव सांभाळणारा, ही त्यांची ख्याती खुद्द प्रेषितांनी (स.) सांगितलेली होती. त्यांनी खलिफांसाठी एका सामान्य मुहाजिराच्या गरजेइतका खर्च ठरवला. वर्षाला उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे कपडे ठरवले. जुने झाले की परत करावेत आणि नवे घ्यावेत. इतका स्पष्ट हिशोब. सुमारे सव्वादोन वर्षांनी अंतसमय आला तेव्हा ह. अबूबक्र (रजि.) यांनी सांगून ठेवले, की या पदावर आल्यापासून माझ्या मालात जी वाढ झाली असेल ती पुढच्या खलिफांकडे पोचती करा. त्या थोड्याशा वस्तू पोहोचल्या तेव्हा ह. उमर (रजि.) रडले आणि म्हणाले, की त्यांनी आपल्या मागून येणाऱ्यांचे काम फार अवघड करून ठेवले.

हे प्रसंग आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो आणि त्यातील साधेपणावर मान डोलावतो. व्यापाऱ्याने त्यातली हिशोबाची बाजू पाहावी. पद घेताना काय होते आणि सोडताना काय आहे, या दोन आकड्यांतली वजाबाकी तेथे जाहीरपणे झाली. आपल्याकडे पहिला आकडाच कोणी लिहून ठेवत नाही.

साहेबांचा एक प्रश्न

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. एका मोठ्या कारखान्याच्या पैशाचा कारभार सांभाळून ते निवृत्त झाले. आता कंपन्यांचे संचालक, शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी, ट्रस्टचे विश्वस्त खुर्ची सोडण्याआधी त्यांच्याकडे जातात. आमचे ते तीस वर्षांचे गिऱ्हाईक. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट आहे, म्हणून आम्ही त्यांना नुसते 'साहेब' म्हणतो.

आमचा मुलगा आणि धाकट्या बंधूंचा मुलगा दोघेही आता दुकानात बसू लागले आहेत. दोघांच्या नावे कारभार कसा करावा, भागीदारीचा कागद कसा असावा, हे विचारायला आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "शेठ, मुलांचे नंतर बघू. ही गादी तुमच्याकडे कशी आली, त्याचा कागद दाखवा."

कागद नव्हता. अब्बा २००४ साली गेले. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही गादीवर बसलो, कारण आम्ही थोरले होतो आणि लग्नसराई तोंडावर होती. माल किती होता, येणे किती, देणे किती, हे अब्बांच्या डोक्यात होते आणि थोडेसे त्यांच्या हिरव्या वहीत. त्या वहीत गिऱ्हाइकांची नावेही त्यांनी स्वतःच्या खुणांनी लिहिलेली. बाहेरगावच्या एका पार्टीने तीन ताक्यांच्या गाठींचे पैसे बाकी आहेत म्हणून सांगितले. आमच्याजवळ नाही म्हणायला पुरावा नव्हता आणि अब्बांवर कर्ज राहू नये ही भीती होती. आम्ही देऊन टाकले. आजही ते खरे देणे होते की नाही, अल्लाहच जाणे.

साहेबांनी हे सर्व ऐकून घेतले आणि दुसरा प्रश्न विचारलाच नाही. "आधी हिवरे बाजारला जाऊन या," एवढेच म्हणाले. "बंधारे पाहायला जाऊ नका. हिशोब पाहायला जा."

हिवरे बाजारची खतावणी

नगर शहर, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, त्याच्या कापड बाजारातून हिवरे बाजार सुमारे १७ किलोमीटर. इतक्या जवळ राहून आम्ही तेथे आयुष्यात दोनदा गेलो होतो, तेही पाहुण्यांना दाखवायला. गाव पाहायला देशभरातून माणसे येतात, म्हणून आपणही दाखवायचे, इतकाच आमचा संबंध. गावात एकच मुस्लिम कुटुंब आहे आणि त्याच्यासाठी गावाने मशीद बांधली, ही गोष्ट मात्र आम्ही प्रत्येक पाहुण्याला न चुकता सांगत असू.

पूर्वीचे हिवरे बाजार असे नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने गाव मोडले, माणसे कामासाठी बाहेर पडली, दारूच्या भट्ट्या लागल्या. सरकारी नोकराला शिक्षा द्यायची असेल तर तेथे बदली करीत, अशी त्या गावाची कीर्ती होती. १९८९ मध्ये गावातील तरुणांनी पोपटराव पवार यांना बिनविरोध सरपंच केले. ते पुण्यात शिकलेले, एम. कॉम. झालेले, क्रिकेटचे चांगले खेळाडू. घरच्यांची अपेक्षा वेगळी होती. म्हणजे हीसुद्धा एका माणसाच्या मार्ग बदलण्याचीच कथा आहे. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, कुटुंबनियोजन, श्रमदान ही गावाची पंचसूत्री सर्वांना माहीत आहे. पुढे आदर्श गाव योजनेत गाव निवडले गेले आणि डोंगरावर चर, ओढ्यावर बंधारे झाले. १९९५ मध्ये सुमारे १८० कुटुंबांपैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत अशी कुटुंबे तीनवर आली. रोजचे दूध दीडशे लिटरवरून चार हजार लिटरच्या आसपास गेले. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे सगळे वर्तमानपत्रांत आले आहे, त्यावर आम्ही अधिक लिहीत नाही.

साहेबांनी ज्यासाठी पाठवले होते ती गोष्ट वेगळी. २००४ पासून हे गाव दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. ते वर्ष वाचून आम्ही क्षणभर थांबलो. ज्या वर्षी आम्ही हिशोबाविना गादीवर बसलो, त्याच वर्षापासून १७ किलोमीटरवरचे शेतकरी पाण्याचा हिशोब मांडू लागले होते.

ताळेबंद कसा मांडतात ते कापडवाल्यांच्या भाषेत सांगतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस झाला की गावाच्या खाती सुमारे ९७ लाख ६० हजार लिटर जमा. गावात पर्जन्यमापके आहेत, त्यामुळे जमेचा आकडा अंदाजाने लिहावा लागत नाही. समजा वर्षाला ३०० मिलिमीटर पाऊस झाला, तर जमा सुमारे २९३ कोटी लिटर. आता नावे बाजू. काही पाणी वाहून जाते, काही उन्हाने उडते, काही मातीत ओल होऊन राहते, काही जमिनीखाली उतरते. विहिरींची पातळी मोजली की हाती काय उरले ते कळते. त्यातून पहिला खर्च माणसांच्या पिण्याचा, मग जनावरांचा. उरलेल्यातून सुमारे ७० टक्के शेतीला द्यायचे आणि ३० टक्के जमिनीखाली राखून ठेवायचे, पुढच्या सालासाठी. जमा कमी असेल त्या वर्षी पिके कमी. उसासारखी पाणी पिणारी पिके नाहीत, शेतीसाठी बोअरवेल नाही.

ह. यूसुफ (अ.) यांनी मिसरमध्ये सुकाळाच्या सात वर्षांचे धान्य दुष्काळाच्या सात वर्षांसाठी राखले, ते आठवले. त्यांनी राजाकडे मागितले होते ते कोठाराचेच काम. आपण सांभाळणारे आहोत आणि जाणकार आहोत, या दोनच गुणांच्या आधारावर. तुरुंगातून थेट खजिन्यावर, इतका मोठा बदल दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात झाला नसेल.

आता मुख्य मुद्दा. हा ताळेबंद सरपंचाच्या कपाटात राहत नाही. तो ग्रामसभेत वाचला जातो आणि कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभा ठरवते. ज्याच्या शेतात विहीर आहे तो, ज्याच्या शेतात नाही तो, बायका, म्हातारे, सगळे ऐकतात. म्हणजे हिशोब ज्याच्या हातात आहे त्याच्यापुरता राहिला नाही. आम्हाला वाटते, खुर्ची बदलता येण्याचे रहस्य येथेच आहे. पुढे सरपंचपद राखीव होऊन महिलांकडे गेले तेव्हा पोपटराव उपसरपंच म्हणून काम करीत राहिले. आपल्यापैकी किती जण स्वतःच्या दुकानात दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसतील? आम्ही आमच्या मनाला विचारले, उत्तर चांगले आले नाही. दुसऱ्या गावांचे सरपंच हिवरे बाजारला शिकायला येतात आणि राज्याच्या आदर्श गाव समितीचे काम पोपटरावांनी केले आहे. कंपन्यांत निवृत्त वित्त अधिकारी जे करतात तेच हे, फक्त फी नाही.

कोणी म्हणेल, शेवटी तीस वर्षे तेथे एकाच माणसाचे नाव आहे, मग बदल कोठे झाला? हा आक्षेप आम्हालाही सुचला होता. जानेवारी २०२१ मध्ये तेथे तीस वर्षांनी मतदान झाले आणि सातही जागा पोपटरावांच्या पॅनेलने जिंकल्या. लोकांचा विश्वास दिसला, हे खरे. परंतु पुढची पिढी एकटी उभी राहील तेव्हाच त्या व्यवस्थेची पूर्ण परीक्षा होईल. तरीसुद्धा जो कोणी येईल त्याच्या हातात वीस वर्षांचे आकडे असतील, आणि ते आकडे सगळ्या गावाने ऐकलेले असतील. आमच्या हातात हिरवी वही होती.

बहिणींचे दोन आणे आठ पै

परत आल्यावर साहेबांकडे गेलो. आता त्यांनी विचारले, "तुमच्या ग्रामसभेत कोण कोण बसते?"

आम्ही म्हणालो, आम्ही आणि बंधू.

"आणि बहिणी?"

आम्हाला दोन बहिणी आहेत. अब्बा गेल्यावर दोघींनी म्हटले होते, "भाईजान, हमें कुछ नहीं चाहिए." आम्ही ते मान्य करून टाकले, फार सोयीचे होते म्हणून. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हेच झाले असेल. आमच्या मौलाना साहेबांना विचारले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले, की हिस्सा किती हेच ज्यांना सांगितले नाही, माहेर तुटेल या भीतीने ज्या बोलल्या, त्यांचे ते सोडणे मनाच्या खुशीचे धरता येत नाही. आधी हिस्सा काढा, त्यांच्या ताब्यात द्या. मग त्यांना वाटले तर त्या परत देतील. हिब्याला बोलणे, स्वीकारणे आणि ताबा या तिन्ही गोष्टी लागतात, हे आपल्या शरियतीत आहे आणि न्यायालयेही तेच मानतात.

हिस्सा किती? अब्बांच्या मागे अम्मी, दोन मुलगे, दोन मुली. अम्मींचा आठवा भाग. उरलेल्याचे मुलाला दोन, मुलीला एक. एकंदर ४८ भाग धरले तर अम्मींचे ६, आम्हा दोघा भावांचे १४-१४, बहिणींचे ७-७. अम्मी २०११ मध्ये गेल्या. त्यांचे ६ भाग पुन्हा त्याच प्रमाणात वाटले, की भावांचे १६-१६ आणि बहिणींचे ८-८ होतात. म्हणजे प्रत्येक बहिणीचा सहावा हिस्सा. जुन्या भाषेत रुपयात दोन आणे आठ पै. हे गणित आम्ही चौथ्या इयत्तेतल्या मुलासारखे कागदावर मांडले, तेव्हा कोठे डोक्यात उतरले, की एकवीस वर्षे रुपयामागे पाच आणे चार पै आम्ही आपले समजून वापरत होतो.

मालाचा २००४ चा आकडा काढायला दोन महिने गेले. त्या काळी कापडावर विक्रीकर नव्हता, त्यामुळे त्या खात्याचे कागद नाहीत. जीएसटी तर २०१७ मध्ये आला. शेवटी आयकराचे विवरणपत्र आणि कॅश क्रेडिटसाठी बँकेला दिलेले मार्चचे स्टॉक स्टेटमेंट सापडले. बँकेला दिलेला आकडा थोडा फुगवलेला असतो, हे कापडवाल्यांना सांगायला नको. साहेबांनी तोच धरायला लावला. "फुगवलेला आकडा कर्ज घेताना चालतो, तर हिस्सा देताना का नको?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

भागीदारांनी ध्यानात घ्यावयाचे

ज्यांचा धंदा भागीदारीत आहे त्यांच्यासाठी १९३२ चा भागीदारी कायदा आहे आणि त्यातील तीन गोष्टी प्रत्येकाने आजच पाहाव्यात. भागीदार मरण पावला तर करारात वेगळे लिहिले नसल्यास पेढी विसर्जित होते. आणि पेढीत दोघेच असतील तर करारात काहीही लिहिले असले तरी एकट्याची पेढी उरत नाही. हे माहीत नसल्याने चालू खाते गोठते आणि हुंडी-धनादेश परत जातात.

दुसरी गोष्ट निवृत्तीची. भागीदार बाजूला झाला, घरात मिठाई वाटली, म्हणून बाजारातल्या देण्यातून तो सुटत नाही. जाहीर नोटीस होईपर्यंत पुढच्या व्यवहारांतही तो अडकू शकतो. नोंदलेल्या पेढीने निबंधकाकडे कळवायचे, राजपत्रात आणि जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या एका देशी भाषेतील वर्तमानपत्रात प्रसिद्ध करायचे. वर्तमानपत्राच्या जाहिरातीचा खर्च वाचवण्यासाठी ही नोटीस न देणारे बंधू आम्ही पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी माहीत आहे. अंतिम हिशोब न करता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला, तर बाहेर पडलेला भागीदार किंवा मृताचे वारस आपल्या हिश्शाच्या मालमत्तेवर मिळालेला नफा मागू शकतात किंवा दसादशे सहा टक्के व्याज मागू शकतात. निवड त्यांची. आपल्या लोकांनी यातले काय मागावे हे सांगायची गरज नाही. नफ्याचा हिस्सा मागता येतो हेच पुष्कळांना माहीत नसते आणि व्याज नको म्हणून ते दोन्ही सोडून देतात.

एकट्याच्या मालकीचे दुकान असेल तर मालकाच्या मृत्यूनंतर त्याच जीएसटी क्रमांकावर विक्री करीत राहू नये. वारसाने स्वतःची नोंदणी घ्यावी, जुनी रद्द करावी. शिल्लक क्रेडिट नव्या नोंदणीकडे नेण्यासाठी वेगळा फॉर्म आहे, तो वेळेत भरावा. आणि वसियत करावयाची असेल तर मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या आत, तीही वारसाच्या नावे नाही; बाकीच्या वारसांची संमती असेल तरच. म्हणून लाडक्या मुलाला वसियतीने दुकान देण्याचा मार्ग आपल्याला मोकळा नाही, आणि ते बरेच आहे.

कारागीर बंधूंना वाटेल, आमच्याकडे कसली गादी? मालेगाव-भिवंडीच्या माग चालवणाऱ्यांना, रंगारी, रफूगर, टेलर मास्टरांना आम्ही सांगतो, की उस्तादाच्या डोक्यातही ताळेबंद असतो. कोणत्या कामगाराकडे किती पेशगी आहे, कोणत्या पार्टीचा दर काय ठरला आहे, कोणत्या रंगाला काय किती घालायचे, कोणत्या गिऱ्हाइकाचे माप कोठे आहे. पेशगी तर विशेष. कारखानदार गेला की कामगाराच्या अंगावर खोटी पेशगी चढते किंवा खरी बुडते, आणि दोन्हींत एका गरिबावर नाहीतर विधवेवर जुलूम होतो. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, हे सांगणारी आयत दिव्य कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. नमाजाच्या, रोज्याच्या आयतींपेक्षा मोठी. आम्हाला याचे नेहमी आश्चर्य वाटते.

मश्विरा देणारा मात्र जपून निवडावा. ज्याला दुकानातून कमिशन मिळते तो नको, ज्याची मुलगी घरात दिली आहे तो नको, ज्याचे येणे बाकी आहे तो तर नकोच. पैशाच्या कामातून निवृत्त झालेले प्रामाणिक लोक आपल्या समाजातही आहेत : बँकेतले, ट्रेझरीतले, एसटीच्या लेखा विभागातले, शाळेचे जुने हेड क्लार्क. मशिदीच्या कमिटीवर चंद्याचा हिशोब लिहायला आपण त्यांना बसवतो. घरचा हिशोब त्यांना दाखवायला लाजतो.

आमच्या घरची बैठक रमजानच्या आधी झाली. दोन्ही बहिणी आणि मेहुणे आले. आमच्या मुलाने आकडे मोठ्याने वाचले. आम्ही नाही, ही साहेबांची सूचना होती. धाकट्या बहिणीने काही विचारले नाही. थोरल्या आपांनी दोनदा थांबवून पान मागे उलटायला लावले. मालाच्या आणि उधारीच्या हिश्शावर कोणाचे दुमत झाले नाही. गाळा मात्र पागडीचा आहे. त्याची किंमत २००४ ची धरायची की आजची, आणि एकवीस वर्षांत दुकान वाढले त्यात आमच्या मेहनतीचा भाग किती, यावर बंधूंचे एक मत आहे आणि मोठ्या मेहुण्यांचे दुसरे. मौलाना साहेबांनी आणि वकिलांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. दुसरी बैठक ठरली आहे. तोपर्यंत मुलांच्या भागीदारीचा कागद करायचा नाही असे आम्ही ठरवले.

जाताना आपांनी अब्बांची हिरवी वही मागितली. आम्ही ती कापडात गुंडाळून दिली आणि एका कागदावर पोच लिहून सही मागितली. त्या म्हणाल्या, "भाई, बहिणीकडून पोच?" आम्ही म्हणालो, हो. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सही केली. तारीख घालायला आम्ही विसरलो होतो, तीही त्यांनीच घातली.